सामायिक डायल-अप जोडणीतील विदा त्रुटी

एका दूरध्वनी तारेवरून आणि एकाच मोडेममार्फत मिळणारे इंटरनेट दोन किंवा अधिक संगणकांना वाटून दिले असता विदेच्या वहनात जे दोष उद्भवतात, त्यांना सामायिक डायल-अप जोडणीतील विदा त्रुटी असे म्हणतात. बिट बदलणे, फ्रेम टाकून दिली जाणे, पॅकेट हरवणे, जोडणी मध्येच तुटणे आणि उतरवलेली फाइल अपुरी किंवा बिघडलेली निघणे ही या त्रुटींची मुख्य रूपे आहेत. दोष तारेत, मोडेममध्ये, संगणकाच्या सिरियल पोर्टमध्ये, स्थानिक जाळ्यात किंवा केवळ गर्दीत असू शकतो. वापरणाऱ्याला मात्र या सर्वांचे एकच लक्षण दिसते, ते म्हणजे पान न उघडणे. त्यामुळे त्रुटी कोणत्या टप्प्यावर निर्माण होते हे शोधणे हा दोषनिवारणाचा गाभा ठरतो.

पार्श्वभूमी

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठीची इंटरनेट सेवा विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. मुंबई हे या सेवेच्या पहिल्या शहरांपैकी एक होते. नोव्हेंबर १९९८ मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार खासगी कंपन्यांनाही ही सेवा देण्याची मुभा मिळाली आणि ग्राहकांची संख्या वाढू लागली.

नवी मुंबईची आखणी १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने केली. वाशी, नेरूळ, सीबीडी बेलापूर, सानपाडा, कोपरखैरणे, ऐरोली अशा नोडांमध्ये विभागलेल्या या शहराची दूरध्वनी सेवा महानगर टेलिफोन निगम लिमिटेडच्या मुंबई विभागात मोडत असे, आणि मुंबईचाच ०२२ हा संकेतांक येथे लागू होता. डायल-अपच्या काळात घरी दूरध्वनीची बहुधा एकच तार असे. त्या तारेवर दोन-तीन संगणक चालवण्याची गरज प्रामुख्याने तीन ठिकाणी भासे: दोन संगणक असलेली घरे, लहान कार्यालये आणि सायबर कॅफे. विनगेटसारखे प्रॉक्सी सॉफ्टवेअर, लिनक्समधील पत्ता-रूपांतराची सोय आणि १९९९ मध्ये आलेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीतील इंटरनेट वाटपाची सुविधा यांमुळे असे वाटप स्वस्तात शक्य झाले.

या त्रुटींना आर्थिक बाजूही होती. इंटरनेटचे तास आगाऊ विकत घेतलेले असत आणि दूरध्वनीचे शुल्क जोडणीच्या कालावधीनुसार वेगळे आकारले जाई. बिघडलेले प्रत्येक पॅकेट पुन्हा मागवावे लागे व त्या वेळेचे पैसे ग्राहकालाच भरावे लागत. अर्ज भरताना, निकाल पाहताना किंवा तिकिटाचे पैसे भरताना जोडणी तुटली तर व्यवहार पूर्ण झाला की नाही, हेही कळण्यास मार्ग नसे.

जोडणीची रचना

सामायिक जोडणीत विदा पाच टप्प्यांतून जाते.

१. वापरणाऱ्याचा संगणक आणि यजमान संगणक यांमधील स्थानिक जाळे. हे जाळे समाक्ष तारेचे किंवा हबला जोडलेल्या पीळदार तारांचे असते.
२. यजमान संगणक. तो स्थानिक पत्त्यांचे रूपांतर करून सर्वांची पॅकेटे एका जोडणीवर पाठवतो. विंडोजच्या सुविधेत त्याचा पत्ता १९२.१६८.०.१ असा असतो.
३. यजमान संगणक आणि मोडेम यांमधील सिरियल पोर्ट.
४. मोडेमपासून दूरध्वनी केंद्रापर्यंतची तांब्याची तार.
५. दूरध्वनी केंद्रापासून सेवादात्याच्या मोडेमसंचापर्यंतचा अंकीय मार्ग.

यांपैकी चौथा टप्पा सर्वांत नाजूक असतो. नवी मुंबईतील ग्राहकाचा कॉल खाडीपलीकडे मुंबईतील मोडेमसंचाकडे गेला, तरी दोन केंद्रांमधील प्रवास अंकीय असल्याने त्या अंतरामुळे खरखर वाढत नाही. खरखर येते ती केंद्रापासून इमारतीतील डीपी बॉक्सपर्यंतच्या आणि तिथून घरापर्यंतच्या तारेत. पाचव्या टप्प्यात क्वचित दोन केंद्रांची घड्याळे जुळत नाहीत. अशा वेळी ठरावीक अंतराने संकेतांचा एखादा तुकडा गळतो आणि मोडेमला पुन्हा जुळवणी करावी लागते.

तारेची क्षमता

दूरध्वनीची तार मानवी आवाजासाठी आखलेली असून तिच्यातून सुमारे ३,१०० हर्ट्झ रुंदीचा पट्टा जातो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार अशा मार्गाची कमाल क्षमता पट्ट्याची रुंदी आणि संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर यांवर अवलंबून असते. हे गुणोत्तर ३५ डेसिबल असेल तर क्षमता सेकंदाला सुमारे ३६,००० बिट येते, आणि २५ डेसिबलपर्यंत घसरले तर ती सुमारे २५,७०० बिट उरते. म्हणजे किंचित खरखरणाऱ्या तारेवर वेग एक-चतुर्थांशाहून अधिक कमी होणे हा मोडेमचा दोष नसून तारेची मर्यादा असते.

मोडेमची मानके याच मर्यादेच्या जवळ सरकत गेली. व्ही.३४ मानकाने १९९४ मध्ये २८,८०० आणि १९९६ मध्ये ३३,६०० बिटांचा वेग दिला. १९९८ च्या व्ही.९० मानकात उतरण्याचा वेग ५६,००० बिटांपर्यंत सांगितला आहे. त्यासाठी सेवादात्याची बाजू पूर्ण अंकीय असावी लागते आणि वाटेत अंकीय संकेताचे अनुरूप संकेतात रूपांतर एकदाच व्हावे लागते. इमारतीपर्यंत अंकीय वाहक टाकून पुढे पुन्हा तांब्याची तार दिली असेल आणि त्यात हे रूपांतर एकाहून अधिक वेळा होत असेल, तर मोडेम आपोआप व्ही.३४ वर उतरतो.

त्रुटी पकडणारे स्तर

डायल-अप जोडणीत त्रुटी तीन ठिकाणी तपासल्या जातात. निदानासाठी हे तीन स्तर वेगळे ओळखणे आवश्यक असते.

पहिला स्तर मोडेममधील व्ही.४२ या १९८८ च्या मानकाचा. दोन्ही टोकांचे मोडेम विदेची फ्रेम करून तिला पडताळणी अंक जोडतात. अंक जुळला नाही तर फ्रेम पुन्हा मागवली जाते. हे काम मोडेमांमध्येच पार पडते आणि संगणकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा स्तर संगणक आणि सेवादाता यांमधील पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉलचा, म्हणजेच पीपीपीचा. यातही प्रत्येक फ्रेमला पडताळणी अंक असतो. तो न जुळल्यास फ्रेम टाकून दिली जाते व त्रुटींच्या गणकात एकाची भर पडते. विंडोज २००० व एक्सपीमध्ये जोडणीच्या स्थिती-खिडकीत हा आकडा दिसतो. लिनक्समध्ये तो पीपीपी जोडणीच्या आकडेवारीत मिळतो.

तिसरा स्तर टीसीपीचा. न पोहोचलेले पॅकेट काही वेळ थांबून पुन्हा पाठवले जाते. त्यामुळे मजकूर शुद्ध राहतो, पण वेळ जातो.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. व्ही.४२ चालू असताना तारेवरची खरखर पीपीपीच्या गणकात त्रुटी म्हणून दिसत नाही. मोडेम ती आधीच दुरुस्त करतो आणि परिणाम केवळ मंदपणाच्या रूपाने जाणवतो. म्हणून गणक वाढत असेल तर एकतर व्ही.४२ बंद आहे किंवा दोष मोडेम आणि संगणक यांच्यामध्ये आहे. पीपीपीच्या त्रुटी पाहून थेट तारेला दोष देणे ही निदानातील नेहमीची चूक होय.

कारणे

तारेवरील दोष

कोकण किनाऱ्यावरील या पट्ट्यात वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो. जमिनीखालच्या तारांच्या सांध्यांत पाणी शिरले की दोन तारांमधील विद्युतरोध घटतो. मग खरखर, क्रॉस कनेक्शन आणि पन्नास हर्ट्झची गुणगुण सुरू होते. खाडीलगतच्या दमट व खाऱ्या हवेमुळे डीपी बॉक्समधील स्क्रू आणि तारांची टोके गंजतात. गंजलेला सांधा बोलण्यापुरता चालतो, पण मोडेमसाठी अपुरा पडतो. त्यामुळे आवाज ठीक असूनही इंटरनेट चालत नाही, अशी तक्रार पावसाळ्यात वाढणे स्वाभाविक असते.

घरातील दोष

एका तारेवर समांतर जोडलेले एक्स्टेंशन, भिंतीतून फिरवलेली जादा तार, विजेच्या तारेशेजारून नेलेली दूरध्वनीची तार आणि सैल खटका ही सामान्य कारणे आहेत. कोणी एक्स्टेंशन उचलले की संकेताची पातळी एकदम ढासळते. कॉल वेटिंगच्या सुविधेत दुसऱ्या कॉलची सूचना देणारा ध्वनी मोडेमच्या वाहक लहरीत व्यत्यय आणतो आणि बहुतेक वेळा जोडणी तुटते. वाहक लहर नाहीशी झाल्यावर किती वेळ थांबून तार सोडायची, हे मोडेमच्या एस-१० या नोंदीत दशांश सेकंदांत ठरवलेले असते.

सिरियल पोर्टमधील दोष

पोर्टचा वेग १,१५,२०० ठेवला असता एक अक्षर सुमारे ८७ मायक्रोसेकंदांत येते. जुन्या ८२५० व १६४५० चिपमध्ये एकाच अक्षराची साठवण असल्याने संगणकाने तेवढ्या वेळात ते उचलले नाही, तर पुढचे अक्षर त्यावर लिहिले जाते. १६५५०ए चिपमध्ये सोळा अक्षरांची रांग असते. ती आठ अक्षरांवर सूचना देत असेल तर संगणकाला सुमारे ०.७ मिलिसेकंदाची सवड मिळते. सामायिक वापरात यजमान संगणक जाळ्याचे कार्ड, डिस्क आणि पत्ता-रूपांतर ही कामे एकाच वेळी करत असतो. त्यामुळे एकट्या वापरात न दिसणारा हा दोष वाटप सुरू करताच उघड होतो.

स्वस्त अंतर्गत मोडेमांपैकी अनेकांमध्ये संकेतप्रक्रियेचे काम संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर टाकलेले असते. यजमान संगणकावर जड काम सुरू झाले की असा मोडेम वेळ गाठू शकत नाही आणि जोडणी मंदावते किंवा तुटते.

गर्दीमुळे भासणाऱ्या त्रुटी

अनेकदा कोणताच दोष नसतो, फक्त रांग असते. ३३,६०० बिटांच्या जोडणीवर १,५०० बाइटांचे एक पॅकेट जाण्यास सुमारे ०.३६ सेकंद लागतो. तीन संगणकांनी प्रत्येकी ८ किलोबाइट विदा एकाच वेळी मागवली, तर शेवटच्या पॅकेटला जवळपास सहा सेकंद थांबावे लागते. एवढ्या विलंबात नावाचा पत्ता शोधणारी विनंती मुदतबाह्य होते आणि पान सापडत नसल्याचा संदेश दिसतो. एखाद्याने मोठी फाइल जोडून ई-मेल पाठवला तर इतरांच्या पोचपावत्या त्यामागे अडकतात. परिणामी इतर संगणकांवर फाइल उतरवणेही थांबते.

निदान

निदान एका वेळी एकच गोष्ट बदलून करावे लागते. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. इतर संगणक जाळ्यापासून वेगळे करून केवळ यजमान संगणकावर इंटरनेट चालवून पाहणे. त्रुटी थांबल्या तर तार व सेवादाता यांवरील संशय कमी होतो.

२. मोडेम जोडलेला नसताना दुसऱ्या संगणकावरून यजमानाला पिंग करणे. स्थानिक जाळ्यावर उत्तर काही मिलिसेकंदांत आणि न चुकता यावे. पॅकेटे हरवत असतील तर दोष तार, हब किंवा कार्डात असतो. समाक्ष तारेच्या जाळ्यात दोन्ही टोकांना ५० ओहमचा रोधक आहे का, हे पाहावे लागते.

३. साधा दूरध्वनी लावून एक अंक दाबणे व डायल टोन थांबल्यावर येणारी शांतता ऐकणे. या शांततेत खरखर, गुणगुण किंवा परका आवाज ऐकू आला तर तारेचा दोष स्पष्ट होतो. घरातील सर्व उपकरणे काढून, तार जिथून घरात येते त्या पहिल्याच पेटीवर ही चाचणी केल्यास दोष घरातला की बाहेरचा हेही कळते.

४. जोडणी झाल्यावर मोडेमने कळवलेला वेग सलग काही वेळा नोंदवणे. प्रत्येक वेळी वेग वेगळा येत असेल तर तार अस्थिर असते. वेग नेहमी सारखाच पण कमी असेल तर मर्यादा रचनेची असते. कळवलेला आकडा पोर्टचा आहे की तारेचा, याची खात्री करणे आवश्यक असते, कारण १,१५,२०० हा आकडा पोर्टचा असतो.

५. मोडेमची अंतर्गत आकडेवारी वाचणे. यूएस रोबोटिक्सच्या मोडेममध्ये एटीआय६ या आज्ञेने पुन्हा पाठवलेल्या फ्रेमची संख्या, पुन्हा केलेल्या जुळवण्या आणि तार सुटण्याचे कारण दिसते. इतर मोडेमांत यासाठी वेगळ्या आज्ञा असतात.

६. या आकडेवारीची पीपीपीच्या गणकाशी तुलना करणे. मोडेममध्ये पुनःप्रेषण जास्त व गणक शून्य असेल तर दोष तारेत असतो. मोडेममध्ये पुनःप्रेषण कमी पण गणक वाढता असेल तर दोष सिरियल पोर्टमध्ये असतो. दोन्ही आकडे ठीक असूनही पाने उघडत नसतील तर कारण बहुधा गर्दीत असते.

७. उतरवलेल्या फाइलचा आकार मूळ आकाराशी ताडून पाहणे आणि उपलब्ध असल्यास एमडी५ पडताळणी अंक जुळवणे. आकार कमी असेल तर जोडणी मध्येच तुटलेली असते. आकार बरोबर पण अंक वेगळा असेल तर यजमान किंवा ग्राहक संगणकाची स्मृती व डिस्क तपासावी लागते. एफटीपीने द्विमान फाइल मजकूर पद्धतीने उतरवल्यासही ती बिघडते.

उपाय

तारेच्या दोषावर खरा उपाय तारेची दुरुस्ती हाच असतो. दूरध्वनीच्या तक्रारींसाठी १९८ हा क्रमांक प्रचलित होता. तक्रार करताना इंटरनेट मंद असल्याचे सांगण्यापेक्षा बोलताना खरखर येत असल्याचे नेमके सांगणे अधिक उपयोगी पडे, कारण दूरध्वनी तार ही मूलतः आवाजाच्या सेवेसाठी दिलेली असे. दुरुस्ती होईपर्यंत मोडेमचा कमाल वेग मुद्दाम २६,४०० किंवा २८,८०० वर बांधल्यास जुळवण्यांत वाया जाणारा वेळ वाचतो आणि प्रत्यक्ष वहन वाढते.

घरात मोडेमसाठी पहिल्या पेटीपासून स्वतंत्र व आखूड तार नेणे, समांतर उपकरणे काढणे आणि जोडणीपूर्वी कॉल वेटिंग बंद करणे हे सोपे व परिणामकारक उपाय आहेत. एस-१० ची नोंद वाढवल्यास क्षणिक व्यत्यय निभावून नेता येतो. २००० मध्ये आलेल्या व्ही.९२ मानकात कॉल आल्यावर जोडणी तात्पुरती थांबवून ठेवण्याची सोय आहे, मात्र ती सेवादात्यानेही पुरवावी लागते.

सिरियल पोर्टसाठी हार्डवेअर प्रवाह-नियंत्रण चालू ठेवणे, चिपची रांग वापरात आणणे व सूचनेची मर्यादा कमी करणे हे उपाय योजले जातात. तरीही त्रुटी थांबल्या नाहीत तर पोर्टचा वेग ५७,६०० वर आणला जातो. यजमान संगणकावर इतर जड काम न करणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

व्ही.४२ उपलब्ध नसेल तर पॅकेटचा आकार महत्त्वाचा ठरतो. दर एक लाख बिटांमागे एक बिट बिघडत असेल तर १,५०० बाइटांच्या शंभर पॅकेटांपैकी सुमारे अकरा बिघडतात, तर ५७६ बाइटांच्या शंभरांपैकी साडेचार. लहान पॅकेटांमुळे इतरांना रांगेत कमी थांबावे लागते, पण शीर्षकांचा बोजा वाढतो. आकार बदलताना यजमान व ग्राहक संगणकांत विसंगती राहिल्यास काही संकेतस्थळे उघडतात व काही उघडत नाहीत, असा चमत्कारिक दोष निर्माण होतो.

गर्दीवर तांत्रिक उपायांइतकाच शिस्तीचा उपयोग होतो. मोठ्या फाइली रात्री उतरवणे, खंडित झालेले काम पुढे चालू ठेवणारे सॉफ्टवेअर वापरणे, एकदा उघडलेली पाने साठवून ठेवणारा प्रॉक्सी चालवणे आणि ई-मेल आधी लिहून मग एकत्र पाठवणे या पद्धती घरांत आणि सायबर कॅफेंत रूढ होत्या.

ऱ्हास आणि महत्त्व

ऑक्टोबर २००४ मध्ये जाहीर झालेल्या ब्रॉडबँड धोरणात किमान २५६ किलोबिटांचा वेग ही ब्रॉडबँडची व्याख्या ठरली. त्यानंतर दूरध्वनीच्या तारेवरील एडीएसएल, केबलचालकांमार्फत मिळणारे इंटरनेट आणि पुढे मोबाइल जाळी यांमुळे डायल-अपचा वापर झपाट्याने कमी झाला. एडीएसएल सेवा तांब्याच्या त्याच तारेवर चालत असल्याने गंजलेला सांधा आणि पावसाचे पाणी यांचे प्रश्न पुढेही राहिले. फरक एवढाच की ते मोडेमच्या पानावर संकेत-गोंगाट गुणोत्तर आणि फ्रेम-त्रुटींच्या आकड्यांत दिसू लागले.

वाटून घेतलेल्या जोडणीत दोष आणि गर्दी यांतील फरक ओळखणे, स्तरानुसार आकडे वाचणे आणि एका वेळी एकच घटक बदलणे हे डायल-अपच्या काळात रूढ झालेले तत्त्व घरगुती वाय-फाय व मोबाइल हॉटस्पॉटच्या दोषनिवारणातही लागू पडते.

हे सुद्धा पहा

मोडेम
महानगर टेलिफोन निगम लिमिटेड
विदेश संचार निगम लिमिटेड
नवी मुंबई
ब्रॉडबँड